तुरी वाढेपर्यंतचं पाणी

परभणीच्या स्टँडवरून पुण्याची एसटी निघायला लागली तेव्हा माझी माय खिडकीखाली उभी होती. बाबा माझी बॅग वर टाकून खाली उतरले होते. गाडी मागं सरकली, कंडक्टरनं घंटी मारली, आणि मायनं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात शेवटची सूचना दिली.

"येळंवर जेव. येळंवर झोप. आन् लघवी आडवून धरू नको, बरं का!"

शेजारच्या सीटवरचा कॉलेजकुमार मोबाईलमध्ये तोंड घालून हसला. मागच्या दोन बायका उघडच हसल्या. मी तेव्हा बावीस वर्षांची. मोर्चात घोषणा देऊन घसा बसवून घेतलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. पण मानवत येईपर्यंत मी मान वर केली नाही. बाकीच्यांच्या आया काय म्हणतात? पोचल्यावर फोन कर, नीट राहा. माझीच अशी का, या एका प्रश्नावर मी पुण्यापर्यंत कुढत गेले.

हे मी दोघांसाठी लिहितेय. गावात राहिलेल्या माझ्या बायांसाठी, आणि माझ्यासारखं बॅग उचलून निघून आलेल्यांसाठी. दोघांनाही थोडं लागेल. लागू द्या.

पुण्यात मला काम मिळालं ते आरोग्याचा प्रचार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. काम पत्रकं लिहायचं. कॉलेजात वसतिगृहाच्या पाण्यासाठी, एसटीच्या पाससाठी मी ढिगानं पत्रकं लिहिली होती, त्यामुळं वाक्य कसं पेटवायचं ते येत होतं. इथला विषय निराळा. समग्र आरोग्य. संतुलित जीवन. पहिल्या महिन्यातच सेल्फ-केअर, हायड्रेशन, बर्नआउट असले शब्द मी न अडखळता बोलायला लागले. ऑफिसातल्या एका मुलीकडं पाण्याची बाटली होती, तिच्यावर तासातासाच्या खुणा. नऊला इथपर्यंत, अकराला इथपर्यंत. मीही तसलीच घेतली. ती भरून टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी तशीच बेसिनमध्ये ओतायची, कारण मीटिंगमधून उठायचं कसं? जेवण दुपारी चारला, ते पण वडापाव. झोप रात्री दोनला. आणि या सगळ्यातून मी एक पत्रक लिहिलं: 'स्वतःसाठी एवढं तरी करा'.

उठल्याबरोबर दोन पेले पाणी. दिवसभरात आठ ते दहा. सात तास झोप. दर तासाला उठून पाय मोकळे करा. मनातलं कुणाशी तरी बोला. खाली एक हसरी बाई काढलेली, पदर खोचलेली, हातात पाण्याचा पेला. तिच्या मागं शेत. हिरवंगार आणि सपाट. ते चित्र मीच पसंत केलं होतं, हे लक्षात ठेवा.

पहिल्या आषाढात आठवडाभराची सुट्टी काढून गावी गेले. पिशवीत शंभर पत्रकं. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. बाबा शेळ्या राखतात, माय रोजानं निंदायला जाते. तिच्या टोळीत अकरा-बारा बाया. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते: निंदायला सगळ्या जणी एका रांगेत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या ओळींमधला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. हातात खुरपं, उकिडवं बसायचं, आणि तण काढत सगळ्यांनी एका चालीनं पुढं सरकायचं. एखादीची पात मागं राहिली की ती सगळ्यांना दिसते. बांधावरच्या मालकाला सगळ्यात आधी.

त्या दिवशी नामदेवआबा या मालकांचं कापसाचं रान होतं, मधूनमधून तुरीच्या ओळी. सकाळी आठला मी बांधावर उभं राहून पत्रक वाचून दाखवलं, चांगलं खणखणीत आवाजात. बायांनी ऐकून घेतलं. सुंदरकाकू म्हणजे मायची जोडीदारीण, तोंडानं फटकळ. तिनं चित्र उलटसुलट करून बघितलं.

"लय भारी लिवलंय बाई. ही बाई कोणत्या गावची म्हणायची? रानात हाय आन् पायाला चिखल न्हाई."

सगळ्या हसल्या. एक मीना तेवढी हसली नाही. मीना टोळीत नवी, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्यासमोर अख्खी बाटली रिकामी केली. मला कसला अभिमान वाटला!

अकराच्या सुमाराला मीनाची पात मागं पडायला लागली. ती चुळबुळ करत होती, मग बसल्या जागी आखडून गेली. कापूस गुडघ्याएवढा. शेजारचं सोयाबीन त्याहून बुटकं. एका अंगाला डांबरी रस्ता, त्यावर मोटारसायकली. सगळ्या रानात झाड एकच, कडुलिंबाचं, आणि त्याच्या सावलीत आबा आणि त्यांचे दोन सोबती सुपारी कातरत बसलेले. ओढा दोन रानं ओलांडून. शेवटी मीना उठली आणि तिकडं निघाली.

आबा ओरडले, "ए, कुठं निघालीस? काम काय तुझा सासरा करायलाय का?"

ती थांबली. सगळ्या रानाच्या मधोमध, उघड्यावर, तशीच थांबली. मग मान खाली घालून पळत सुटली. परत आली तेव्हा साडी खालून भिजलेली होती. ओढ्यात पाय घसरला, म्हणाली. कुणी काही विचारलं नाही. त्या वर्षी ओढ्याला अजून पाणीच आलेलं नव्हतं.

हे माझ्या पत्रकानं केलं. मी ते कुठंच लपवत नाही.

जेवायला बसल्यावर सुंदरकाकूनं मला समजावून सांगितलं. रागानं नाही. पहिलीतल्या लेकराला सांगतात तसं.

"हे बघ बाई. कापूस गुडघ्याला हाय तवर आमी सकाळी घोटभर पितो आन् जेवताना अर्धा तांब्या. बास. तुरी कमरंला लागल्या की जरा जास्ती. दसऱ्याच्या टायमाला तूर डोक्याच्या वर जाती, मग पोटभर पितो. तवा ये तुजे कागद घेऊन."

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. इथं बाईची तहान तिच्या घशावर ठरत नाही, तुरीच्या उंचीवर ठरते. आणि पुढचं ऐका. ज्या साली पाऊस लांबतो, त्या साली तूर खुजी राहते आणि ऊन मात्र टाळकं फोडतं. म्हणजे ज्या साली सगळ्यात जास्त पाणी प्यायला हवं, त्याच साली माझ्या गावच्या बाया सगळ्यात कमी पितात. गावात घरोघरी संडास आहेत, पक्के, दारावर सरकारी नंबर टाकलेले. पण बाई दिवसाचे आठ-नऊ तास रानात असते. त्या आठ-नऊ तासांसाठी कुणी एक वीट ठेवली नाही. आणि आमच्यासारखे शहाणे तिला कागदावर पेले मोजून देतात!

संध्याकाळी मी मायला धरलं. "मला सगळ्या स्टँडसमोर ओरडून सांगितलंस, अडवू नको म्हणून. आणि तू गं?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला तकलीफ हाय म्हणूनच सांगितलं. नसती तर कशाला सांगितलं असतं?"

दोन दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. कंबर धरून बसली. परभणीच्या दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं आधी कधी झालंय का? माय खाली बघत म्हणाली, "दर सालाला होतं. जळजळ. तुरी मोठ्या झाल्या की थांबतं आपुआप." बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं: पाणी भरपूर प्यायचं, अडवायचं नाही, हे असं दरवर्षी होत राहिलं तर मूत्रपिंड कायमचं अधू होईल. मी त्याच आठवड्यात तिला पुण्याला घेऊन आले. मनात ठरवून टाकलं, आता हिला परत पाठवायचं नाही.

पुण्यात माय तीन आठवडे राहिली. तिला शहरातलं काय आवडलं असेल? बाथरूमची कडी. "आतून कडी लावायची, बसायचं, कुणाची घाई न्हाई, कुणाचं भ्या न्हाई. लय भारी हाय तुमचं." पहिल्या दिवशी ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी घाबरून दार वाजवलं. आतून आवाज आला, "आगं, बरी हाय. उगंच बसलेय." मी पॅसेजमध्ये उभी राहून रडले. पन्नाशीला आलेली बाई, आणि दिवसाउजेडी निवांत बसायला मिळालं याचं तिला अप्रूप.

ती माझंही बघत होती. मी रात्री नऊला यायचे, ओट्यापाशी उभ्यानंच जेवायचे, मांडीवर लॅपटॉप घेऊन डोळे फुटेपर्यंत बसायचे. चौथ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावरचं पत्रक उचललं. ती अडखळत वाचते, पण वाचते. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. तू वाचलं न्हाईस का?"

मी चिडले. चिडण्याशिवाय दुसरं काय करणार?

औषध लागू पडलं. तपासणी स्वच्छ आली. पण माय दिवसेंदिवस गप्प व्हायला लागली. दुपारभर गॅलरीत बसून खालच्या पार्किंगकडं बघायची. रानात जेवण झालं की बाया बांधावर पाठ टेकतात, एकमेकींच्या डोक्यातलं बघतात, नवऱ्यांच्या नकला करतात, एखादी मनातलं ओकून टाकते आणि पुन्हा खुरपं हातात घेते. त्याला त्यांनी कधी काही नाव दिलं नाही. आमच्या ऑफिसात त्याच गोष्टीसाठी शनिवारी एक ताई येतात आणि आम्हाला डोळे मिटून गोल करून बसवतात. मायला मी एकदा तिथं नेलं. ती डोळे मिटून बसली, उठली, आणि मला हळूच म्हणाली, "समद्या येगयेगळ्या बसल्यात की गं."

श्रावण लागला आणि सुंदरकाकूचा फोन आला. दुसरी निंदणी सुरू झाली होती. गप्पा अर्धा तास चालल्या. बाबांची भाकरी कोण टाकतं, तर सुंदरकाकू. मीना कशी आहे, तर आता नुसतं ओठातल्या ओठात हसते. फोन ठेवला आणि माय पिशवी भरायला लागली.

मी तिच्यासमोर उभी राहिले. जे बोलू नये ते सगळं बोलले. मरायचंय का तुला? त्या आबाच्या तणापायी मूत्रपिंड घालवायचंय? गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ती पातळाची घडी घालत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तू मला इथं ठेवशील, मी जगंन. सुंदरीला कुठं ठेवशील? मीनाला कुठं?"

माझा राग गेला नव्हता, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. प्रवासात एक भाषण तयार केलं, नामदेवआबांसाठी. मजुरांच्या आरोग्याचा हक्क, मालकाची जबाबदारी, सगळं मुद्देसूद.

आणि आता निघून आलेल्यांनो, जरा तुमच्याशी. आपण घरी काय पाठवतो? टॉनिकच्या बाटल्या. रक्तदाबाचं यंत्र. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर 'आरोग्यम् धनसंपदा'. आईच्या दिवशी फोटो. आपल्यातल्या एकानं तरी आपल्या आईला कधी विचारलं का, माय, तू रानात जातीस कुठं? मी आरोग्याचा पगार घेते, मीसुद्धा विचारलं नव्हतं. लाज वाटायला पाहिजे ती याची. मला लाज वाटली होती स्टँडवर, तिनं खरं बोलल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात पोचलो. आबा बांधावर होतेच. मी घसा साफ केला. पण त्याआधीच मायनं डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं. त्यातून चार दांडकी आणि तिचं एक जुनं हिरवं लुगडं निघालं. मीनानं खड्डे केले, मायनं दांडकी रोवली, लुगडं चारी बाजूंनी गुंडाळलं. रानाच्या कडंला, रांगेपासून हाकेच्या अंतरावर. पाच मिनिटांचं काम. मग ती आबांकडं वळली.

"आबा, लुगडं लावलंय. पात पुढं गेली की तेबी पुढं जाईल. तिकडं तुमी फिरकायचं न्हाई, तुमचे सोबतीबी न्हाई."

"आन् काम? दर घडीला एक उठली तर निंदण व्हायची कधी?"

"पात आमी ओढून घेऊ. जिची राहिली तिची दुसरी ओढंल. सांजच्याला रान बघून घ्या, मग बोला."

"नवीनच खूळ," आबा म्हणाले.

सुंदरकाकू बसल्या जागेवरून बोलली, "आबा, तुमी दिवसातून चारदा त्या बांधाकडं तोंड करून उभं ऱ्हाता. आमी कधी म्हणलं का, काम तुमचा सासरा करायलाय का?"

मीना हसली. पहिल्यांदा मीनाच हसली. मग सगळं रान हसलं, आबांचे सोबतीसुद्धा. आबांनी टोपी सारखी केली आणि ते मोटारीकडं, म्हणजे विहिरीवरच्या, निघून गेले. माझं भाषण पोटातच राहिलं. बरं झालं.

मला वाटलं, झालं. पण खरं अवघड पुढं होतं.

या टोळीची एक रीत आहे. लहानपणापासून मी ती बघत होते आणि मला ती कधी दिसली नव्हती. जिचं अंग दुखतंय, जिला दिवस गेलेत, जिच्या घरात कुणी गेलंय, तिला रांगेत मधली पात देतात. मधलीला दोन्ही बाजूंनी दोघी असतात. ती थकली की न बोलता तिच्या पातीतलं तण डावी-उजवीकडची काढून घेते, आणि रांग मोडत नाही. कडंची पात सगळ्यात तगडीची, कारण तिला एकाच बाजूला माणूस. कडंची पात कायम माझ्या मायची. तिनं किती जणींना मधी बसवलं असेल. ती स्वतः कधी मधी बसली नव्हती. ताप अंगात घेऊन कडंला बसायची.

त्या दिवशीही ती सवयीनं कडंला निघाली. तिथं सुंदरकाकू खुरपं रोवून बसली होती.

"गिरजे, मधी जा."

"मला काय झालंय? पुण्याच्या डॉक्टरनं बरी हाय म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर येणार हाय का निंदायला? मधी जा."

"सुंदरे, ऊठ. माजी जागा हाय ती."

"न्हाई उठत."

कुणीच खुरपं उचललं नाही. अकरा बाया, सकाळची वेळ, वर आभाळ भरलेलं, आणि सगळ्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मायनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं मीच शिकवलंय. मी मान हलवून नाही म्हटलं. खरंच मी एक शब्द बोलले नव्हते. मला ते सुचलंच नव्हतं! मी तिला रानातून उचलून आणायचा विचार करत होते. रानातच तिला जागा करून द्यायचा विचार त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं केला.

माझी माय, जी पोलीस पाटलाचंही ऐकत नाही, ती खाली मान घालून मधी जाऊन बसली. रांग हलली.

दहाच्या सुमाराला ती थांबली. तांब्या उचलला, सगळ्यांसमोर पोटभर पाणी प्याली. थोड्या वेळानं उठली आणि लुगड्याआड गेली. मी तिच्या पातीकडं बघत होते. डावीकडून मीना, उजवीकडून दुसरी एक काकू, दोघींचे हात तिच्या पातीत गेले, जसं काही ती त्यांचीच होती. माय परत आली. तिची पात मागं राहिली नव्हती. वीतभर पुढंच होती. ती उभी राहून बघत राहिली. डोळ्याला पदर लावील असं मला वाटलं. तिनं वाकून एक तण उपटलं आणि मीनाच्या पुढ्यात टाकलं.

"हे काय ठेवलंस? पुढं न्यायची घाई आन् बुडखा तसाच!"

तिसऱ्या दिवशी आबांनी चार बांबू आणून टाकले. "ती दांडकी मोडतील," एवढंच म्हणाले. मी याला उपकार म्हणणार नाही. कापडाचा आडोसा म्हणजे हक्क नव्हे, आणि तो उभा केला म्हणून कुणाची जबाबदारी संपत नाही, हे मी अजूनही प्रत्येक बैठकीत टेबल आपटून सांगते. पण हेही सांगते, की मी जन्मात लिहिलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्या एका लुगड्यानं जास्त आरोग्य दिलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. मायला पुन्हा तो ताप आला नाही. शेजारच्या दोन टोळ्यांनी आपापली लुगडी काढली. माझं पत्रक मी बदललं. आता पहिलं वाक्य असं आहे: आधी आडोसा मागा, मग पाणी सांगा. ऑफिसातला एक जण म्हणाला, हे फार लोकल झालं. मी म्हणाले, हो, लघवीपण लोकलच असते. आणि मी मीटिंगमधून उठायला लागलेय. पहिल्यांदा उठले तेव्हा सगळ्यांनी बघितलं. आता आणखी दोघी उठतात.

घर म्हणजे जिथं कुणी आपली वाट बघत बसलंय ती जागा, असं मी समजून चालले होते, आणि त्याचं ओझं घेऊन फिरत होते. माय एकटी आहे, माय थकली, माय माझी वाट बघते. गेल्या रविवारी दुपारी फोन केला तर ती रानात.

"बोल बेगीन. सुंदरी आज मधी हाय, तिला परवाधरनं चक्कर येयलीय."

"अगं, मी कशी आहे ते तरी विचार."

"बरी हायस. आवाजावरनं कळायलंय. ठेव."

पण फोन बंद करायचं ती विसरली. मी कानाला तसाच धरून राहिले. खुरप्यांचा आवाज, कुणाची तरी खोकल्याची उबळ, मीनाचं काहीतरी आणि त्यावर हशा. माझी कुणालाही आठवण नव्हती, आणि मला इतकं निर्धास्त गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग सुंदरकाकूचा आवाज आला, जरा ओढलेला, पण तसाच फटकळ.

"गिरजे, माजी पात सोड घडीभर. आधी तू पाणी पी."

"पिते की."

"पिते की न्हाई. पी. मी बघायलेय."